डोक्यावरची काच

जामच्या चौकात चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा आईनं डोक्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. चंद्रपूरहून निघताना तो पाण्यातून पिळून घेतला होता. नागपूरची निम्मी वाट अजून उरली होती आणि टॉवेल पापडासारखा वाळला होता. गाडीतला एसी पूर्ण जोरात चालू होता. पायांना गार लागत होतं, हाताच्या बोटांना गार लागत होतं आणि डोकं भाजत होतं. आई म्हणाली, "बाई, मले वरून कोणी तापला तवा धरल्यावानी वाटते."

मी पदार्थविज्ञान शिकवते. तरी आईच्या त्या एका वाक्यात जे होतं, ते नीट समजायला मला दोन उन्हाळे लागले.

गाडी आम्ही डिसेंबरात घेतली. छत सबंध काचेचं, पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत एकच सलग तुकडा, न उघडणारा. आत ओढून घ्यायचा पडदाही नव्हता. शोरूममधल्या मुलानं आईला मागच्या सीटवर बसवून वर बघायला सांगितलं आणि गाडी तिथेच पसंत झाली. पहिल्या रविवारी आम्ही मोहर्लीच्या रस्त्यानं ताडोब्याच्या बाजूला गेलो. सागाची उरलीसुरली पानं, बांबूची बेटं, त्यांच्यामधून सरकणारं आभाळ आई मान वर करून बघत होती. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्यामुळे तिला बाजूचं कमी दिसतं. डोक्यावरचं एवढं मोठं आभाळ तिला फार आवडलं. त्या छताला मी नुसती चूक म्हणू शकत नाही, ते या आठवणीमुळे.

मार्च उजाडला आणि छताचं रूप पालटलं. डोळ्यांच्या तपासणीसाठी आईला दर महिन्याला नागपूरला न्यावं लागतं. भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी असा हा दीडशेएक किलोमीटरचा रस्ता. डॉक्टर बाहुल्या मोठ्या करायचं औषध डोळ्यांत घालतात. त्यानंतर काही तास उजेड सुईसारखा टोचतो. म्हणजे जाताना डोकं भाजायचं आणि येताना डोळे. परतीच्या वाटेवर आई चेहऱ्यावर पदर ओढून, श्वासापुरती फट ठेवून बसायची. मी आरशात तिच्याकडे बघायचे आणि गाडीचा वेग वाढवायचे. वेग वाढवून काही होत नव्हतं.

मग मी शिक्षिकेला सुचेल ते केलं. लांबून तापमान मोजायची बंदूक विकत घेतली. एप्रिलच्या एका दुपारी, बाहेर ४३ अंश असताना, दोन तास उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मोजलं. डॅशबोर्ड ७९, स्टिअरिंग ६७, छताच्या काचेची आतली बाजू ६९. एसी लावून दहा मिनिटं गाडी चालवली. आतली हवा तिशीत आली, काच मात्र ५७ वर. उकल तिथेच होती. एसी हवा गार करतो. तापलेल्या काचेतून अंगावर येणाऱ्या किरणांना हवेशी देणंघेणं नसतं. डोक्यापासून वीतभर अंतरावर ५७ अंशांची एवढी मोठी काच असल्यावर हवा कितीही गार करा, टाळू तापणारच. आईचा तवा अगदी खरा होता.

आणखी एक गोष्ट मी दर वर्षी मुलांना मैदानात नेऊन दाखवते, ती गाडीत बसताना मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. चंद्रपुरात २० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, नागपुरात २६ मेच्या सुमारास. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. म्हणजे आमच्याकडे उन्हाळा जेव्हा सगळ्यात कडक असतो, तेव्हाच ऊन सरळ वरून पडतं. बाजूच्या खिडक्यांवर दुपारी बारा वाजता जवळजवळ ऊन नसतं, त्यांचा त्रास सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर. दुपारचा सगळा भार छतावर. निरभ्र आभाळात दर चौरस मीटरला हजारेक वॅट उष्णता खाली येते. पत्र्याच्या छताला आतून अस्तर असतं, मधे हवा असते. काचेला तसं काही नाही. एक चौरस मीटर काचेतून त्यातला चौथा हिस्सा जरी आत आला, तरी अडीचशे वॅटचा हीटर डोक्यावर उलटा टांगल्यासारखं झालं. ज्या देशांत सूर्य आभाळात खालूनच फिरतो तिथे असं छत सुखाचं असेल. विदर्भात ते विकताना गिऱ्हाइकाला एकदा तरी मे महिन्याबद्दल विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पहिला उपाय म्हणून आतून लावायची जाळीची शेड मागवली. चालत्या गाडीत तिनं थोडं बरं वाटलं. उभ्या गाडीत मात्र ती निरुपयोगी, कारण ऊन काचेतून आत आल्यावर तिच्यावर पडायचं. आत आलेली उष्णता आतच राहायची. शेडचा मधला भाग तापून खाली झोळीसारखा लोंबायला लागला आणि आईच्या केसांना टेकायला लागला.

मग गावातल्या एका दुकानात जाऊन फिल्म मारून घेतली. ती चूक माझीच, कारण मी घाईत होते आणि मला काळी म्हणजे थंड असं वाटत होतं. सगळ्यात गडद फिल्म निवडली, अडीच हजार रुपयांत. काच मोठी आणि दोन्ही बाजूंनी वाकलेली, त्यामुळे त्या पोरांनी ती दोन तुकड्यांत लावली आणि मधोमध सांधा दिसत राहिला. आतून आभाळ गेलं, रात्रीचे तारे गेले, छत कोळशासारखं झालं. बंदूक लावली तर काचेची आतली बाजू ७५. आधीपेक्षा सहा अंशांनी जास्त.

का, ते आता सांगता येतं. सूर्याच्या उष्णतेतला निम्म्याहून थोडा जास्त वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, चाळीस-पंचेचाळीस टक्के दिसणाऱ्या उजेडाचा आणि थोडासा अतिनील किरणांचा. साध्या रंगाची फिल्म दिसणारा उजेड शोषून घेते, म्हणून काळी दिसते. अवरक्ताला ती फारशी अडवत नाही. जो उजेड शोषला तो नाहीसा होत नाही, काच तापते आणि ती उष्णता निम्मी बाहेर, निम्मी आत सोडते. चालत्या गाडीत बाहेरचा वारा काचेवरची बरीच उष्णता पळवतो, पण उभ्या गाडीत सगळं डोक्यावर. शिवाय त्या उष्णतेनं फिल्मचा गोंदही गेला. सहा आठवड्यांत सांध्याजवळ फोड आले, जून लागेपर्यंत कडेला जांभळी छटा आली.

खिडक्यांना त्या वेळी मी हात लावू दिला नव्हता. त्यामागे २०१२ची आठवण आहे. त्या वर्षी २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, काळ्या फिल्म काढा म्हणून. भावाच्या गाडीला गडद फिल्म होती. भर चौकात पोलिसांनी गाडी बाजूला घेतली आणि त्याला तिथेच पातं हातात धरून ती खरवडायला लागली. मागच्या काचेवर वाफ घालवणाऱ्या बारीक तारा असतात. त्याही पात्याखाली तुटल्या आणि त्या काचेवरचं धुकं नंतर कधी गेलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात फिल्म म्हटलं की चलान हाच अर्थ.

पण नियम काय आहे ते मी या वेळी नीट वाचलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के. २०१२च्या निकालात काचेवर वरून काही चिकटवणंच बंद झालं होतं, ते कितीही पारदर्शक असलं तरी. नंतर नियमात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२१ पासून ठरलेल्या मानकाच्या प्लास्टिक फिल्मसह असलेली काच त्यात धरली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं की उजेडाची टक्केवारी पाळली तर फिल्म लावता येते. चौकातला प्रत्येक हवालदार हे वाचून उभा असेल असं नाही. म्हणून मी फिल्मचं प्रमाणपत्र आणि बिल दोन्ही गाडीच्या खणात ठेवते. आतापर्यंत दोनदा दाखवावं लागलं. एकदा मीटर लावून बघितलं आणि जाऊ दिलं.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच मी नागपुरात चौकशी केली. एका परिचितानं एका जुन्या कारागिराकडे पाठवलं. साठीकडे झुकलेला माणूस, अंगठ्याची नखं पाणी निपटायची स्क्विजी धरून सपाट झालेली. त्यानं आधी छत बघितलं, जुन्या फिल्मच्या कडेला नख लावलं आणि म्हणाला, "मॅडम, लावाले अर्धा दिवस, काढाले एक दिवस. आधी काढाचे पैसे लागतीन."

दुकानात तापणारा दिवा होता. त्याच्यापुढे नुसती काच धरली की हात भाजतो आणि फिल्म लावलेली काच धरली की काहीच लागत नाही. गिऱ्हाईक तिथेच खिसा मोकळा करतं. या माणसानं दिवा लावला आणि लगेच बंदही केला. म्हणाला, "ह्या दिव्यात नुसतं अवरक्त आहे, ऊन वेगळं असते. तुमी कार्डावरचा हा आकडा पाहा." त्यानं बोट ठेवलं तो आकडा होता उन्हाची एकूण किती ऊर्जा फिल्म अडवते याचा. मोठ्या अक्षरांत छापलेला नव्वदच्या वरचा अवरक्ताचा आकडा नव्हे, तर खाली लहान अक्षरांत छापलेला, पन्नाशीतला. आणि तोही साध्या पारदर्शक काचेवर मोजलेला. माझं छत कारखान्यातूनच गडद आलेलं. त्या काचेनं जे आधीच अडवलं, ते फिल्म पुन्हा अडवू शकत नाही. फायदा होईल, पण कार्डावर लिहिलाय तेवढा नाही, हे त्यानं पैसे घेण्याआधी सांगितलं. पंचवीस वर्षं मुलांना शिकवून मीसुद्धा एवढं स्वच्छ सांगू शकले नसते.

खिडक्यांचा हिशेब तर सरळ गुणाकाराचा आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी चुकतो. दुकानदार सांगतात, बाजूला ५० चालते, ५०ची फिल्म लावा. पण काच स्वतःच थोडा उजेड अडवते. आमच्या खिडक्यांची काच त्यानं मीटर लावून दाखवली, ७५ टक्के. तिच्यावर ५०ची फिल्म लावली तर पाऊणाचं निम्मं, म्हणजे साडेसदतीस, आणि चलान ठरलेलं. ७०ची लावली तर साडेबावन्न, म्हणजे नियमात. आम्ही ७०ची लावली. बाहेरून काचा जवळपास होत्या तशाच दिसतात आणि आत बसलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो. ते मला आवडलं. मुलीबाळींच्या सुरक्षिततेसाठी गाडीचं आतलं दिसावं हा २०१२च्या निकालामागचा विचार मला तेव्हाही पटला होता. पुढच्या काचेला काही लावलं नाही. ती दोन काचांमधे प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि अतिनील किरण ती जवळजवळ सगळे अडवते. बाजूच्या काचा एकेरी, त्यांतून अतिनीलचा बराच भाग आत येतो. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांचा खिडकीकडचा हात जास्त काळवंडतो तो यामुळेच.

छताची फिल्म निवडताना मी काच तडकण्याची भीती बोलून दाखवली. शोषणारी फिल्म काच तापवते आणि काचेचा मधला भाग तापून कडा गार राहिल्या की ताण पडतो. गाडीच्या कंपनीला मी आधीच विचारलं होतं. फिल्ममुळे तडा गेला तर वॉरंटी नाही, असं लेखी उत्तर आलं होतं. कारागिरानं त्यावर कमी शोषणारी आणि जास्त परतवणारी, बऱ्याच पातळ थरांची फिल्म सुचवली. धातूची नाही, कारण धातूचा थर मोबाइलच्या आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्राच्या लहरींना आड येतो. सगळ्या गाडीचे मिळून १८ हजार झाले. आमच्या घराला ही रक्कम लहान नाही. आईच्या दर महिन्याच्या तीन-चार तासांसाठी ती खर्च करताना मी एकदाही मागेपुढे पाहिलं नाही.

लावणं बघण्यासारखं होतं. शटर खाली ओढलं, पंखा बंद केला, धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलं. छताच्या चारी कडांना प्लास्टिक आणि टॉवेल लावले, कारण पाणी खाली गळतं. जुनी फिल्म वाफेनं सोडवून एका अखंड तुकड्यात हळूहळू ओढली, गोंद ओल्या फडक्यानं काढला, पात्याला हात लावला नाही. मग नवी फिल्म आधी छताच्या बाहेरच्या बाजूला पसरली आणि हीट गननं तापवत तापवत काचेच्या बाकाप्रमाणे आकसून घेतली. हे काम जमलं नाही तर आत कितीही स्क्विजी फिरवा, सुरकुती राहतेच. त्यानंतर लहान मुलांच्या शांपूचं पाणी काचेवर फवारून दोघांनी सीटवर पडून, हात वर करून, ती आतून बसवली. मधून कडेकडे पाणी काढत चार तास गेले. शेवटी तो म्हणाला, "पंधरा दिवस दुधाळ डाग दिसतीन, हात लावू नका. खिडक्या चार दिवस उघडू नका."

डाग आठवड्यात गेले. ऊन तापल्यावर मी प्रयोग मांडला. मागच्या सीटवर, आईच्या डोक्याच्या उंचीवर, काळा रंग दिलेला पत्र्याचा तुकडा टांगला. चारी खिडक्या उघड्या ठेवल्या, म्हणजे कोंडलेल्या हवेचा घोळ नको, आणि दुपारी साडेबाराला मोजलं. नुसत्या काचेखाली आणि काळ्या फिल्मखाली असंच मागच्या वर्षी मोजून ठेवलं होतं, ६१ आणि ५६. आता ५२ आलं. रोजचा वारा वेगळा असतो, त्यामुळे एकदोन अंश मागेपुढे धरावे. काच अजूनही हाताला भाजते. तवा गेलेला नाही, आच मंदावली आहे.

आईला मी हे आकडे वाचून दाखवले. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाळ्याची ताटी आपण दाराच्या भायेर बांधत होतो न वं? आतून बांधून काय फायदा?"

मी गप्प बसले. लहानपणी वरोऱ्याच्या घरी दर उन्हाळ्यात पश्चिमेच्या दाराबाहेर ताट्या बांधलेल्या असायच्या. दुपारी तासातासाला त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझं होतं. शेड असो, फिल्म असो, आम्ही सगळं काचेच्या आतून करत होतो.

तिनं ट्रंकेतून बाबांचं धोतर काढलं. पांढरं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. गाडी उभी केली की ते दुहेरी करून छतावर पसरायचं आणि टोकं चारी दारांत दाबून दारं लावायची. पांढरं कापड ऊन परतवतं. जे थोडं शोषतं ती उष्णता काचेबाहेरच राहते आणि वारा घेऊन जातो. तसंच मोजलं तर काळा पत्रा ४५ वर. बाहेर त्या दिवशी ४३ होतं. १८ हजारांच्या फिल्मनं नऊ अंश कमी केले आणि जुन्या धोतरानं आणखी सात. पण चालत्या गाडीवर धोतर टाकता येत नाही, आणि भर दुपारी गाडीत बसून नागपूरला जाणं काही टळत नाही. आम्हाला दोन्ही लागतात.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण शेजारच्या एकानं मला विचारलं, फिल्म लावल्यावर लेकराला पाच मिनिटं गाडीत ठेवलं तर चालेल ना. नाही चालणार. बंद गाडी फिल्म असूनही तापतेच. पाच मिनिटांची पंधरा मिनिटं कधी होतात ते कळत नाही.

या मेमध्ये तपासणीची तारीख नेमकी शून्य सावलीच्या आठवड्यात आली. दवाखान्याच्या आवारात एकुलत्या कडुनिंबाखाली आधीच तीन गाड्या होत्या, म्हणून उन्हातच लावली. धोतर पसरताना रखवालदार बघत होता. त्यानं न सांगता पलीकडची टोकं ओढून धरली. दोन तासांनी आई बाहेर आली, डोळ्यांत औषध, काळा चष्मा, माझ्या दंडाला धरून. मी दारं उघडून धोतर काढलं. तिनं ते माझ्याकडून मागून घेतलं आणि मागच्या सीटवर बसून, चाचपडत, घडीवर घडी नीट घातली.

बुटीबोरी ओलांडल्यावर मी आरशात पाहिलं. टॉवेल पिशवीतच होता. चष्मा तिनं काढून हातात घेतला होता आणि मान वर होती. रस्त्याकडेचा गुलमोहर छतावरून सरकत होता. औषधामुळे तिला तो नुसता लाल धुरळा दिसला असेल.

"फुलला नं वं," ती म्हणाली, आणि मी गाडी थोडी हळू केली.